फुटबॉलच्या मैदानातला समुद्र

दोर्साफ आणि नौफल यांचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या संघटनेकडे एकच कॉम्प्युटर होता, आणि त्यावर दोघांनाही काम करायचं होतं. लग्न टिकेल याची बंदरात सगळ्यांना खात्री होती. कॉम्प्युटरबद्दल तसं कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

मी मासेमारांच्या संघटनेची सचिव. म्हणजे खोलीची किल्ली माझ्याकडे, चहाची किटली माझ्याकडे, आणि कोणाचं भांडण झालं की दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यायचं कामही माझ्याकडेच. खोली बर्फाच्या कारखान्याला लागून आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही एक भिंत गार असते. त्या भिंतीला पाठ लावून दोर्साफ बसायची. नौफलला दुसरी भिंत मिळाली होती, उन्हाची. तो स्फाक्सचा, शहरातला. बेटावरच्या मुलीशी लग्न केलं म्हणून लूदमध्ये, म्हणजे आमच्या फेरीबोटीत बसून इकडे राहायला आला. समुद्र बघितला की त्याच्या पोटात ढवळतं हे आम्हाला लग्नानंतर कळलं.

दोघंही नकाशाचंच शिकलेले. संघटनेचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. पण त्या लिनक्सवर प्रोग्रॅम कसे आणायचे यावरून दोघांचं एक दिवसही जमलं नाही. दोर्साफचं म्हणणं असं की जे हवं ते इंटरनेटवरच्या लिनक्सच्या भांडारातून घ्यावं. तिथं जाणत्या लोकांनी एकेक गोष्ट तपासून, एकमेकींशी जुळवून, पॅकेज बांधून ठेवलेली असते. एक आज्ञा दिली की घरपोच. नौफलचं म्हणणं असं की भांडारात जे मिळतं ते शिळं. मूळ सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर आणावा, आपल्या हातानं कंपाइल करून त्याचा चालता प्रोग्रॅम बांधावा, म्हणजे आपल्याला हवं तसं आणि आजचं मिळतं.

"शिळं नाही ते, मुरलेलं आहे," दोर्साफ म्हणायची.

"मुरायला ते लोणचं आहे का?"

"तू काल जे बांधलंस ते तरी चाललं का?"

"चालेल. एक लायब्ररी कमी पडतेय."

"रोज एक कमी पडते. तुझ्या आईनं मला सांगितलं होतं, हा लहानपणी घड्याळं उघडायचा आणि एक स्क्रू उरवायचा."

मी चहा ओतत राहायची. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमला लागणारा तयार तुकडा, एवढं ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं भांडण ऐकायला मजा यायची, कारण भांडताना दोघं एकमेकांच्या बशीतले शेंगदाणे खात असायचे.

नकाशाचं काम मात्र गमतीचं नव्हतं. आमच्याकडे समुद्राला मालक असतात. पाणी इतकं उथळ की बरंच आत गेलं तरी माणूस कमरेपर्यंतच भिजतो. त्या पाण्यात खजुरीच्या झावळ्या रोवून आम्ही लांबच लांब कुंपण घालतो. ओहोटी लागली की मासे कुंपणाच्या कडेकडेनं निघतात आणि शेवटी टोपल्यांत शिरतात. याला शरफिया म्हणायचं. कोणाची शरफिया कुठं, हे पणज्यापासून ठरलेलं. पण गेली काही वर्षं बाहेरचे ट्रॉलर आत घुसून कुंपणं फाडून नेत होते. तक्रार केली की त्यांचे कप्तान म्हणत, आम्हाला वाटलं समुद्र रिकामा आहे. स्फाक्सच्या मासेमारी कचेरीतल्या बाई म्हणाल्या, तुमच्या जागा कुठं आहेत ते दाखवणारा एक नकाशा द्या, सगळ्या कुटुंबांना मान्य असलेला, मग मी खुणेचे तरंगते बोये टाकून देते.

आमच्याकडे जुना फ्रेंच मोजणीचा कागद होता. त्यावर प्रत्येक जागा आखलेली. दोर्साफनं तो कॉम्प्युटरमध्ये उतरवला. अडचण एवढीच की त्या काळच्या मोजणीदारांनी पृथ्वीचा आकार आजच्यापेक्षा जरा वेगळा धरला होता. त्यांचा एखादा बिंदू आजच्या उपग्रहाच्या नकाशावर आणायचा तर तो थोडा सरकवावा लागतो. हे सरकवण्याचं काम प्रोज नावाची एक लायब्ररी करते. दोर्साफचा नकाशाचा प्रोग्रॅम, क्यूजीआयएस, भांडारातून आलेला. त्याच्यासोबत प्रोजही आली होती आणि आपलं काम गुपचूप करत होती. कोणाला तिची आठवणही नव्हती.

मग विद्यापीठानं आम्हाला उपग्रहाचा नवा फोटो पाठवला. इतका स्वच्छ की त्यात मागच्या हंगामातल्या झावळ्यांच्या रांगा दिसतात म्हणे. पण "म्हणे"च, कारण तो दाबून बारीक केलेल्या अशा एका प्रकारात होता की दोर्साफच्या प्रोग्रॅमला तो उघडेच ना.

"भांडारवाले हा प्रकार ठेवत नाहीत," ती म्हणाली. "त्याचा परवाना खुला नाही."

नौफल खुर्चीत सरळ बसला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता.

"म्हणजे कंपाइल करावं लागणार," तो म्हणाला.

"विद्यापीठाला दुसरा फोटो मागू."

"महिना जाईल त्यात."

दोर्साफ त्याच आठवड्यात मावसबहिणीच्या बाळंतपणासाठी स्फाक्सला गेली. नौफलनं मैदान मोकळं बघितलं आणि कामाला लागला. कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावायला लागला की बर्फवाल्यानं येऊन विचारलं, तुमच्याकडे नवीन इंजिन आलंय का. नौफलनं फोटो उघडणारी गडाल नावाची लायब्ररी बांधली. तिला नवी प्रोज हवी होती, म्हणून तीही बांधली. दोन्ही त्यानं यंत्राच्या सगळ्यांना दिसेल अशा सामाईक जागेत ठेवल्या. मग आज्ञा लिहायच्या आपल्या काळ्या खिडकीत दोन-चार ओळी लिहून त्यांना त्यांची जागा दाखवून दिली, आणि फोटो उघडला. मला हाका मारून दाखवला. खरंच, झावळ्या दिसत होत्या. आमच्या बर्फाच्या कारखान्याचं गळकं छप्परही दिसत होतं.

दोर्साफ परत आली ती घाईत, कारण शुक्रवारी नमाजानंतर सगळ्या कुटुंबांना नकाशा बघायला बोलावलं होतं. तिनं आपला प्रोग्रॅम उघडला. वर सूचनेची एक पिवळी पट्टी आली. तिनं ती बंद केली. अशा पट्ट्या रोज येत. नकाशा मोठ्या कागदावर छापला, आणि तो मी भिंतीवर डकवला, चार कोपऱ्यांना आणि मध्ये चिकटपट्टी लावून. तो नीट बघायला आम्हाला कोणालाच वेळ झाला नाही, कारण माणसं यायला लागली होती.

पहिला आला तो म्हातारा सी खमैस; आमच्याकडे मानानं पुरुषाला सी म्हणतात, बाईला लल्ला. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि नकाशासमोर बराच वेळ उभा राहिला.

"लल्ला सलूहा," तो मला म्हणाला, "हा निळा रंग म्हणजे समुद्र ना?"

"समुद्रच."

"आणि पिवळा?"

"जमीन."

"मग हाज सासीला सांगा, यंदा त्याच्या शरफियात मासे नाही, गोलकीपर सापडणार."

हाज सासी माझ्या शेजारीच उभा होता. पण त्या दोघांत बोलणं बंद होतं. एका वादळात खमैसचं कुंपण सरकून हाजच्या जागेत गेलं होतं. हाज म्हणाला मुद्दाम, खमैस म्हणाला वादळ. तेव्हापासून जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. एकाच बाकावर बसले तरी मध्ये मी.

हाज पुढे झाला, नकाशाला नाक लावलं. त्याची जागा, किनाऱ्याजवळची, गावातली सगळ्यात चांगली, बरोबर फुटबॉलच्या मैदानात पडली होती. आणि तिच्या खऱ्या जागेवर, समुद्रात, खमैसची जागा येऊन बसली होती.

"त्याला सांग," हाज माझ्याकडे वळून म्हणाला, "मी इतकी वर्षं जे म्हणतोय ते आता कागदावरही आलं. घुसला माझ्या समुद्रात."

"त्याला सांगा, मी कॉम्प्युटरला पैसे चारले नाहीत."

तोवर खोली भरली. आमचं गाव उत्तर किनाऱ्यावर आहे, आणि नकाशावर सगळ्याच जागा दक्षिणेला ढकलल्या गेल्या होत्या. ज्याच्या त्याच्या जागेत शेजारी येऊन बसलेला. जे किनाऱ्याजवळ होते ते सरळ जमिनीवर. कोणाची शरफिया कॅफेच्या मागे, कोणाची शाळेच्या अंगणात. एक बाई आपली जागा शोधता शोधता दवाखान्यापाशी पोहोचली आणि म्हणाली, बरं झालं, डॉक्टरकडे जायला होडी लागणार नाही. आधी आवाज चढले. मग कोणीतरी कॅफेवाल्याला म्हणालं की तुझ्या अंगणात आता आमचे मासे फिरतात, तेव्हा चहा फुकट. मग कॅफेवाला म्हणाला, माझ्या अंगणात मासे फिरतात तर ते माझे. आणि मग हसणं सुरू झालं ते आवरेना. हाज तेवढा हसत नव्हता, आणि दोर्साफ.

ती भिंतीशी उभी होती, गालांवर लाली चढलेली. "हे असं नव्हतं," ती मला म्हणाली. "मागच्या महिन्यात मी स्वतः तपासलंय. प्रत्येक जागा पाण्यात होती."

नौफल धावत कॉम्प्युटरकडे गेला. आपली काळी खिडकी उघडली, काही लिहिलं, आणि फोटोवर त्याच जागा उमटल्या. सगळ्या पाण्यात. प्रत्येक चौकट आपापल्या झावळ्यांच्या रांगेवर, जणू हातानं बसवलेली.

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," तो म्हणाला.

दोर्साफनं त्याच्याकडे जे बघितलं ते बघून पहिल्या रांगेतली दोन माणसं मागे सरकली.

तिनं शेजारी आपला प्रोग्रॅम उघडला. तोच कागद, तेच आकडे, तेच यंत्र. एका खिडकीत शरफिया समुद्रात, दुसरीत मैदानात. सगळे माना लांब करून बघत होते.

"एका पेटीत दोन समुद्र," सी खमैस म्हणाला. "पोरांनो, यातला मासे असलेला कोणता?"

"त्याला सांग," हाज मला म्हणाला, "समुद्र पेटीत बघायचा नसतो. उद्या जाऊन बघायचा."

हाजची होडी दुरुस्तीला वर काढलेली होती. पाण्यात तेव्हा खमैसचीच होडी होती. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

खमैस छताकडे बघत म्हणाला, "लल्ला सलूहा, त्याला सांगा, सकाळी वारा पडलेला असतो. यायचं तर येऊ दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण निघालो. दोर्साफकडे उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र, हातात मावेल एवढं. नौफल, कारण दोर्साफनं सांगितलं तू येणार. दोन म्हातारे. आणि मी, कारण मी नसले तर त्या दोघांत बोलणार कोण. पाणी आरशासारखं होतं, तरी बंदर सुटायच्या आत नौफलनं डोळे मिटून घेतले.

"लांब बघ," दोर्साफ त्याला म्हणाली. "क्षितिजाकडे."

"क्षितिज हलतंय."

"क्षितिज नाही हलत. तू हलतोयस." आणि तिनं आपली ओढणी पाण्यात बुडवून त्याच्या मानेवर ठेवली. भांडण होतं, पण ओढणी ठेवली.

हाज पुढे बसला होता, खमैस मागे सुकाणूवर, मी मध्ये. हाज म्हणाला, "त्याला सांग, डावीकडे घे." मी सांगितलं. खमैस म्हणाला, "त्याला सांगा, डावीकडे खडक आहे." मी सांगितलं. "त्याला सांग, खडक उजवीकडे." हे असं बरंच चाललं. इंजिन घरघरत होतं, मला ओरडून बोलावं लागत होतं, आणि मी सकाळपासून नुसत्या चहावर होते. शेवटी मी ओढणी तोंडावर घेतली आणि म्हटलं, "माझा घसा बसला. आता माझ्याकडून शब्द निघणार नाही."

 होडी सरळ चालली होती. हाजनं एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी बोटानं घसा दाखवला. पुढे पाण्याचा रंग बदलायला लागला, फिकट हिरवा, म्हणजे तळ वर येत होता.

"डावीकडे घे, गाढवा," हाज म्हणाला.

सुकाणू करकरलं. होडी डावीकडे वळली. मग मागून खमैसचा आवाज आला, जरा घोगरा. "खडक डावीकडेच आहे, हाज."

"तो खडक नाही, शेवाळ आहे. तुला तेव्हाही दिसत नव्हतं."

"मला दिसत नव्हतं? माझ्या लग्नात वरातीच्या आधी कोण खांबाला धडकलं होतं?"

"खांब नवीन लावलेला होता."

तिथून पुढे ते दोघं थांबलेच नाहीत. खडकावरून वादळावर आले, वादळावरून खमैसच्या सासऱ्यावर, सासऱ्यावरून कुठल्याशा ऑक्टोपसवर जो नेमका कोणाच्या बुडवलेल्या मडक्यात अडकला होता यावर त्यांचं अजूनही एकमत नाही. मी ओढणीआड हसत होते. दोर्साफनं माझा हात दाबला.

हाजच्या जागेवर पोहोचलो तेव्हा मागच्या हंगामाचे खुंट पाण्यातून डोकावत होते. हाजचे गुडघे दुखतात. होडीतून उतरताना तो अडखळला आणि खमैसनं त्याचा दंड धरला. हाजनं हात सोडवून घेतला नाही. तो पाण्यातून एकेका कोपऱ्याच्या खुंटापाशी जाऊन त्यावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "हा माझा." दोर्साफ यंत्र धरून ती जागा नोंदवायची. मग खमैसच्या खुंटांपाशी गेलो. तिथंही हाजच पुढे. "हा याचा," तो म्हणाला, आणि खमैसकडे न बघता पुढे, "आणि तो वाकडा गेलाय तो वादळानं गेलाय. मी काय आंधळा आहे का."

 खमैसनं होडीतल्या शेगडीवर मासे भाजले आणि सगळ्यात मोठा हाजच्या भाकरीवर ठेवला.

दुपारी खोलीवर आलो. दोर्साफनं आणलेले बिंदू दोन्ही खिडक्यांत टाकले. नौफलच्या खिडकीत ते नेमके चौकटींच्या कोपऱ्यांवर बसले. दोर्साफच्या खिडकीत चौकटी मात्र बिंदूंपासून लांब दक्षिणेला.

नौफलच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "मी काही म्हणत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणू नकोस."

"फक्त एवढंच की भांडारातलं..."

"नौफल."

 दोर्साफनं बोटं कडाकडा मोडली आणि एक ओळ लिहिली. पडद्यावर लांबलचक यादी उतरली. तिच्या प्रोग्रॅमनं कोणता तुकडा कुठून उचलला, त्याची. ती एकेक ओळ बोटानं खाली वाचत गेली. हा भांडारातला. हाही भांडारातला. हाही. मग बोट थांबलं.

"ही प्रोज कोणाची?"

नौफल पुढे वाकला. ती ओळ दोनदा वाचली.

"माझी," तो म्हणाला.

"माझ्या प्रोग्रॅमच्या पोटात तुझी प्रोज काय करतेय?"

मग दोघांनी मिळून मला समजावलं, आणि समजावता समजावता त्यांना स्वतःलाही समजत गेलं. दोर्साफचा प्रोग्रॅम उघडताना यंत्राला सांगतो, मला प्रोज द्या. यंत्र आधी सामाईक जागेत बघतं. तिथं नौफलनं बांधलेली, त्याच नावाची प्रोज बसलेली. यंत्रानं तीच दिली. पण जुने बिंदू किती आणि कुठं सरकवायचे याचे नियम तिच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल कुठं आहे हे नौफलनं फक्त आपल्या काळ्या खिडकीत सांगितलं होतं. दोर्साफच्या प्रोग्रॅममध्ये शिरल्यावर त्या नव्या लायब्ररीला भांडारातली जुनी फाइल मिळाली. ती काही तिला वाचता येईना. मग तिनं काहीच सरकवलं नाही. जुना बिंदू जिथल्या तिथं ठेवला आणि त्यालाच नवा म्हटलं.

"पिवळी पट्टी," दोर्साफ हळूच म्हणाली. "हेच सांगत होती ती."

"म्हणजे भांडारातलं शिळं नव्हतं," मी म्हटलं.

"नाही," नौफल म्हणाला.

"आणि हातानं बांधलेलंही बरोबर होतं."

"बरोबर होतं," दोर्साफ म्हणाली. "त्याच्या जागी. माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यानं मिठाच्या डब्यात साखर भरली, एवढंच झालं."

नौफल उठला, तिच्यामागे जाऊन उभा राहिला. "काढून टाकू का सगळं?"

"फोटो कसा उघडायचा मग?"

"नाही उघडणार."

दोर्साफनं खुर्ची वळवली. मला वाटलं आता ती त्याला सुनावणार. पण ती विचार करत होती. "फोटो एकदाच उघडायचाय ना?" ती म्हणाली. "तुझ्या गडालनं उघड आणि साध्या प्रकारात बदलून दे. जो माझ्याकडे उघडतो. मग माझ्या प्रोग्रॅमला तुझ्या दारात यायचं कारणच नाही."

नौफल तिच्याकडे बघत राहिला. "एवढंच करायचं होतं?"

"एवढंच."

"मी त्यात सबंध आठवडा घातला."

"मला माहीत आहे. बर्फवाल्यानं सांगितलं."

दोघंही हसायला लागले. खूप हसले. नौफलला खुर्ची धरावी लागली. मग त्यांनी सामाईक जागेतून सगळं काढलं आणि नौफलचं बांधकाम एका वेगळ्या फोल्डरात हलवलं. त्याचं स्वतंत्र बिऱ्हाड. ज्याला हवं त्यानं मुद्दाम तिथं जायचं. येता-जाता कोणाच्या हाताला ते लागणार नाही. दोर्साफला तेवढ्यावर समाधान नव्हतं. ती म्हणाली, याचं पॅकेज बांध, त्याला नाव दे, आवृत्ती लिही, म्हणजे घरात कोण राहतं हे यंत्राला कळेल. नौफल म्हणाला, पॅकेज बांधणं म्हणजे कारकुनी. ती म्हणाली, मी शेजारी बसते. मी दोघांना तिथं सोडून जेवायला गेले. परत आले तेव्हा दोघं एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसले होते, दोर्साफ कंपायलरला काय काय सांगायचं ते विचारत होती, आणि नौफल पॅकेजच्या वर्णनात काय लिहावं यावर अडला होता.

"लिही," ती म्हणाली, "'समुद्र समुद्रात ठेवतो.'"

आणि त्यानं खरंच तसं लिहिलं.

नवा नकाशा छापण्याआधी दोर्साफनं एक सवय लावून घेतली. धक्क्याचं टोक, शाळेचा कोपरा आणि मिनार, या ठिकाणी ती स्वतः यंत्र घेऊन उभी राहून आली, आणि नकाशावर ते तिन्ही जागच्या जागी आहेत हे बघितल्याशिवाय तिनं कागद बाहेर काढला नाही. मी तो भिंतीवर डकवला. लोक आले, आपापली जागा शोधली, बोट ठेवलं, मान डोलावली. सगळं बरोबर होतं. खरं सांगते, थोडे हिरमुसलेही. कॅफेवाल्यानं मला विचारलं, पहिला नकाशा आहे का अजून? मी गुंडाळी काढून दिली. त्यानं तो कॅफेत लावला, आणि तिथं बसणारी माणसं आजही एकमेकांच्या शरफियात चहा पितात.

कचेरीतल्या बाई लूदनं आल्या. हाज आणि खमैस दोघांनी मिळून त्यांना नकाशा समजावून सांगितला, दोघंही एकाच वेळी बोलत, एकमेकांचं वाक्य खोडत. बाई एकदा याच्याकडे बघायच्या, एकदा त्याच्याकडे. शेवटी माझ्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "हे भाऊ आहेत का?"

"शेजारी," मी म्हटलं. "समुद्रातले."

बोये महिन्याच्या आत आले, नारिंगी, लांबून दिसणारे. त्यानंतर एक ट्रॉलर आला होता. बोये दिसले तसा वळून गेला. आम्ही धक्क्यावर उभे राहून बघत होतो. कोणी टाळी वाजवली नाही, पण बर्फवाल्यानं त्या दिवशी कोणाकडून बर्फाचे पैसे घेतले नाहीत.

हंगाम सुरू झाला त्या सकाळी सगळं गाव पाण्यात होतं. बायका झावळ्यांचे भारे होडीतून खाली देत होत्या, पुरुष त्या वाळूत रोवत होते, कोणीतरी किनाऱ्यावर तब्ल, आमचा ढोल, वाजवत होतं. हाजच्या कुंपणाला खमैस आला होता, कारण खमैसच्या कुंपणाला आदल्या दिवशी हाज गेला होता. नौफलही गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि पाण्यात पाय रोवून उभं राहिलं की आपल्याला मळमळत नाही हा शोध त्याला तिथंच लागला. तो झावळ्या रोवत होता, जरा वाकड्या, आणि हाज मागून येऊन त्या सरळ करत होता.

दोर्साफ यंत्र हातात घेऊन पुढे गेली होती, कुंपणाचं टोक चौकटीत बसतं का ते बघायला. बसलं. ती वळली आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "हाज, नेमकं आहे. बोटभरही फरक नाही."

हाजनं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघितलं. पाणी ओसरायला लागलं होतं. तिच्या पायांभोवती छोटे छोटे मासे वळून जात होते.

"छान, पोरी," तो म्हणाला. "आता बाजूला हो. तू माशांच्या वाटेत उभी आहेस."